घागरीवरची तारीख

‘नाव घातलेले भांडे परत घेतले जाणार नाही.’ भांड्याच्या प्रत्येक दुकानात ही पाटी असते आणि गिऱ्हाइकाला ती भांडण झाल्याशिवाय दिसत नाही. सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या एका दुकानात त्या पाटीच्या बरोबर खाली, पोत्याची घडी करून, मी तीसेक वर्षं बसलो. माझं काम नाव घालण्याचं. त्यामुळे त्या पाटीवरून झालेली झाडून सगळी भांडणं माझ्या डोक्यावर झाली. या अंकाचे संपादक आमच्या शेजारी राहतात. ते म्हणाले, अनुभव लिहा. अनुभव कसले डोंबलाचे! पण एका घागरीचं लिहितो. ते प्रकरण मला अजून नीट उलगडलेलं नाही. लिहिता लिहिता उलगडलं तर बरंच आहे.

नाव घालणं म्हणजे काय ते आधी सांगतो. आता यंत्र आलंय. पेनासारखं धरायचं, गुर्र करून फिरवायचं, झालं नाव. आमच्या वेळी छिन्नी आणि छोटी हातोडी. भांडं मांडीत दाबायचं, छिन्नीचं टोक पितळेवर टेकवायचं आणि बारीक ठोके मारत अक्षर पुढं न्यायचं. ठोका जोरात बसला तर भांड्याला पोचा येतो, हलका बसला तर वर्षभर चिंचेनं घासून अक्षर पळून जातं. काही कारागीर आधी खडूनं लिहून घ्यायचे. मी कधी घेतलं नाही. गिऱ्हाईक सांगेल ते थेट पितळेवर. माझं अक्षर दृष्ट लागावी असं होतं. हे मीच सांगतोय, कारण सांगणारे आता उरले नाहीत. त्या अक्षरापायी बाया मला ‘मास्तर’ म्हणायच्या. शिक्षण सातवी, तेही दोनदा.

नावाशिवाय कुणाचं चालत नसे. लग्नाकार्यात भांडी एकमेकांत मिसळतात, शेजारी गेलेलं पातेलं परत येत नाही. आणि आमच्या सोलापूरला नळाची रांग. पाणी सुटायच्या आधी तासभर बाया घागरी ओळीनं लावून घरी जायच्या. बाई घरी, घागर रांगेत. कुणाचा नंबर कितवा, हे घागरीवरच्या नावावरून ठरायचं. म्हणजे मी घातलेली नावं रोज निम्मी गल्ली वाचायची. याचा मला कोण अभिमान!

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एकानं एवढ्याशा वाटीवर स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका आणि हुद्दा घालून घेतला. नवरानवरीला जागाच उरली नाही. वळसंगच्या एका म्हाताऱ्यानं तांब्यावर बायकोचं नाव घालायला सांगितलं. मी आपलं विचारलं, “आधी कैलासवासी घालायचं का?” तर उसळून म्हणाला, “जित्ती हाय की! भांडून म्हायेरला जाऊन बसलीय. ह्यो दाखवून आणतो.” आली का नाही, काही कळलं नाही.

तर ती घागर. सत्तरनंतरचा मोठा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना साल सांगायला नको. चैत्र चालू होता. राजव्वा नावाची एक तेलुगू बाई दुकानात आली. नवरा मागावर चादरी विणायचा, ही विड्या वळायची. घागर निवडायला तिनं सकाळची दुपार केली. एकेक घागर उचलायची, टिचकी मारायची, कान लावायची. शेवटी एक पसंत करून माझ्यापुढं ठेवली.

“शांताच्या पोरीला द्यायचीय, मंदाला,” ती म्हणाली. “शांता न् मी बारा वर्षं सुपाला सूप लावून विड्या वळतो. पोरीचं वैशाखात लगीन हाय. पोरगा सांगोल्याकडचा. माझ्याकडं केळवणाला येणार, तवा देते.”

“काय घालू?”

“तिचं नाव, माझं नाव. बस्स.”

इथं मी थांबायला पाहिजे होतं. पण मला गप्प बसवतंय कोण? मी म्हणालो, “आणि लग्नाची तारीख?”

“ती कशाला?”

“कशाला म्हणजे? जन्माची आठवण राहते. उद्या मंदा आपल्या पोरांना वाचून दाखवील.”

राजव्वा हसली. तिला ते पटलं. “घाला मग, मास्तर.”

मी घातलं. ‘चि. मंदा हिस विवाहानिमित्त राजव्वामावशीकडून.’ आणि खाली, घागरीच्या खांद्यावर, वैशाखातली तारीख. आकडे असे उतरले होते की शेठजीसुद्धा उठून बघून गेले.

ज्येष्ठात एक दुसरीच बाई तीच घागर कडेवर घेऊन दुकानात आली आणि धाडकन माझ्यापुढं ठेवली. ही शांताबाई, मंदाची आई.

“ही परत घ्या.”

मी वरच्या पाटीकडं बोट केलं.

“मला वाचाय येत न्हाय,” ती म्हणाली. “घागर परत घ्या, तेवढंच सांगते.”

मग कळलं ते असं. लग्नाला आठ दिवस असताना मुलाकडून निरोप आला की इकडं प्यायला पाणी नाही, टँकरची वाट बघतोय, पंगती कशा उठवणार, लग्न पुढं ढकलू. कधी, ते सांगितलं नाही. तारीख आली आणि गेली. घरात दुसरी धड घागर नव्हती, म्हणून मंदा हीच नळाला लावायची.

“बाया वाचत्यात हो मास्तर! परवा एकजण म्हणली, नवरी अजून हितंच कशी? पोरगी काय बोलत न्हाय. पानी भरती आन् येती. पर म्या बघते की तिच्याकडं.” शांताबाईनं घागर माझ्याकडं ढकलली. “पुढं ढकललं म्हंजे मोडलंच. मला कळतंय. मोडल्या लग्नाचा आहेर घरात कशाला ठिवू?”

बाया वाचत होत्या ते आकडे माझे होते.

शेठजींनी गादीवरूनच सांगितलं, “नाव घातलेलं परत होत नाही बाई. मोडीत घेईन फार तर.” मोडीत म्हणजे भंगारात. नावाची मोड आली की ती आधी घणानं चेचायची, असा आमच्या दुकानाचा रिवाज होता. कुणाचं नाव दुसऱ्याच्या घरी जायला नको.

“चेचा,” शांताबाई म्हणाली.

तेवढ्यात राजव्वा धापा टाकत आत आली. तिला गल्लीतल्या कुणी तरी सांगितलं असणार.

“काय करलालीस गं हितं?”

“तुजी वस्तू परत करायलीय.”

“माझी कुटली? मी मंदाला दिली, मंदाची हाय! अय्यो, दुष्काळ काय जन्माला पुरतो का? पाऊस पडंल, लगीन होईल. घागर परत केलीस की लगीन मोडलं म्हणून तूच सांगितल्यागत होतंय!”

“तुला काय जातंय बोलाय? तुला पोरगी न्हाय!”

राजव्वाला मूलबाळ नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. शांताबाईच्या तोंडून निघून गेलं होतं, पण आता गिळणार कसं? राजव्वा शांतपणे म्हणाली, “व्हय, न्हाय मला. म्हणून तर घागर घेतली.” आणि निघून गेली. मागोमाग शांताबाईही गेली. घागर तिथंच, माझ्यापुढं. मी ओरडलो, “अहो, हिचं करू काय?” दोघींपैकी एकीनंही मागं वळून बघितलं नाही.

शेठजी म्हणाले, “पुढच्या महिन्यापर्यंत कुणी नेली नाही तर घाल मोडीत.” मी ती माझ्या पोत्यामागं सरकवून ठेवली. तारखेची बाजू भिंतीकडं केली.

पंधरा दिवसांनी राजव्वा आली. मला वाटलं, घागर न्यायला आली. मी खूश होऊन पुढं केली.

“न्यायची न्हाय,” ती हळूच म्हणाली. “मोडीत घाला. आजच घाला.”

“अहो, तुम्हीच तर म्हणत होतात, घागर परत करू नका!”

“म्हणत होते. आता घाला म्हणते.” इकडंतिकडं बघून तिनं पदर तोंडाला लावला. “बाजारात सांगोल्याचा बकरीवाला भेटला. त्या पोराचं लगीन झालं, मास्तर. मामाच्या पोरीसंगट, गपचीप. शांताला ठाऊक न्हाय. तिला तुमी सांगू नका, माझी शपथ हाय. घागर घरात नसली म्हंजे निदान डोळ्यापुढं तरी येणार न्हाय मायलेकींच्या.”

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? घण आतल्या खोलीत होता. उठतो उठतो म्हणत मी उठलो नाही. त्या घागरीवर घण घालायला हातच होईना. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी शांताबाई दुकानात हजर.

“मास्तर, माजी घागर हाय न्हवं? द्या. घरी न्हेते.”

मी म्हणालो, “तुम्हाला तर ती मोडीत घालायची होती.”

“त्या दिशी डोस्कं फिरलं होतं माजं. राजव्वा म्हणती तेच खरं. पुढं ढकललंय, मोडलं न्हाय. मंदा दोनदा विचारली, घागर कुटाय म्हणून. घागर घरात पायजे.” हे ती माझ्याकडं न बघता, समोरच्या डब्यांकडं बघत बोलत होती.

मला काही सुधरेना. एकीनं परत कर म्हणावं तर दुसरीनं नको म्हणावं, आणि पंधरा दिवसांत दोघींनी जागा बदलाव्यात! आणि मी मध्ये, शपथ घालून तोंड शिवलेला. घागर चेचली तर शांताबाईला काय सांगू? दिली तर राजव्वाला काय सांगू? आणि देऊ तरी कशी, रोज नळावर ती तारीख वाचली जाणार.

तेव्हा मला एक अक्कल सुचली. हल्ली तिला अक्कल म्हणायचं धाडस होत नाही. मी शांताबाईला म्हणालो, “उद्या या. तारीख उलटून गेलीय, तेवढी पुसून देतो. नवीन तारीख ठरली की नवी घालू.” मनात हिशेब असा की लग्न व्हायचं असलं तर नव्या तारखेला जागा झाली, आणि मोडलेलं असलं तर तारीखच नाही. दोघीही खूश! शांताबाई मान हलवून गेली. मी दुपारभर कानस लावली, वर पॉलिश पेपर मारला, चिंचेनं घासलं. आपणच घातलेले आकडे आपणच घासून काढायचं काम त्याआधी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नशीब असं की दोघी एकाच वेळी आल्या. राजव्वाला घागर मोडीत गेली याची खात्री करायची होती. शांताबाईला घागर न्यायची होती. आणि घागर मधोमध, नवीकोरी, घासलेली जागा आरशासारखी चमकत.

“अजून हाय ही?” राजव्वा माझ्यावर खेकसली.

“असणारच. माजी हाय,” शांताबाई म्हणाली. “मी न्ह्यायला आलेय.”

“नको नेऊ, शांता.”

“का? तूच म्हणत होतीस घरात ठेव.”

“म्हणत होते.”

“मग आता काय झालं?”

राजव्वानं माझ्याकडं बघितलं. मी हातोडीकडं बघितलं.

“असं व्हय,” शांताबाई म्हणाली. “तुजी वस्तू तुला परत पायजे. तसं सांग की. मी तुला पोरगी न्हाय म्हणलं, त्याचा राग धरलास. तोंडानं मावशी मावशी, आन् जीव सगळा घागरीत!”

आयुष्यात मी पुष्कळ भांडणं बघितली, पण इतका खोटा आरोप इतका गुपचूप गिळताना मी दुसऱ्या कुणाला बघितलं नाही. राजव्वाच्या ओठापर्यंत आलं होतं. एका वाक्यात ती सुटली असती. ती म्हणाली, “व्हय. मला परत पायजे.” डोळे मात्र घळघळा वाहत होते. शांताबाईनंही घागरीला हात लावला नाही. ती एका बाजूनं गेली, ही दुसऱ्या बाजूनं. बारा वर्षांची सुपाला लागलेली सुपं त्या दिवशी फाटली असं मला वाटलं, आणि मला भयंकर वाईट वाटलं.

त्यानंतरच्या सकाळी दुकान उघडताना पायरीवर एक मुलगी उभी होती. अठरा-एकोणीस वर्षांची, सावळी, वेणी घट्ट.

“मी मंदा,” ती म्हणाली. “माझी घागर द्या. दोघी हितं भांडत्यात आन् तिकडं पानी डालड्याच्या डब्यानं भराय लागतंय मला.”

खरं सांगतो, तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की या घागरीला एक मालकीण आहे. नाव मीच घातलेलं, तरी!

मी घागर काढून दिली. ती उन्हात धरून तिनं फिरवली आणि थबकली. घासलेल्या जागेवर बोट ठेवलं.

“हितली तारीख?”

“पुसली. म्हटलं, लग्न पुढं गेलंय...”

“पुढं कुटं गेलंय? त्याचं झालं की लगीन. त्याच्या मामाच्या पोरीसंगट.”

माझ्या हातातली किल्ली खाली पडली. “तुला कुणी सांगितलं?”

“सांगोल्यासनं माझा मामा आला होता. आईला सांगत होता, मी दाराआड होते.”

“म्हणजे आईला माहीत आहे?”

“आईला ठाऊक हाय. आन् राजव्वामावशीला बी, बाजारात कळलंय वाटतं. ती रोज मला बघून रडती, मग कांदा चिरत होते म्हणती. घरात कांदा नसतोय.” हे ती अगदी साध्या आवाजात सांगत होती. “आईला वाटतंय, घागर गेली तर मला कळंल. मावशीला वाटतंय, घागर असली तर आईला कळंल. म्हणून भांडायल्यात.”

“मग तू सांगत का नाहीस?”

“मला ठाऊक हाय असं कळलं तर आई लई रडंल. रडू दे जरा मागनं. आधी पाऊस पडू दे.”

पावसाचा आणि रडण्याचा काय संबंध, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळलेलं नाही. मी म्हणालो, “बरं, आता उरलेलंही पुसून देऊ का? विवाहानिमित्त वगैरे? नुसती दोन नावं ठेवतो.”

ती पुन्हा त्या चमकत्या जागेकडं बघत राहिली.

“न्हाय. तारीख परत घाला.”

“कोणती?”

“जी होती ती.”

“अगं पोरी, पण...”

“मास्तर, हितं असं घासलेलं दिसलं की नळावर सगळ्या इचारणार, हितं काय होतं गं? रोज नवी बाई, रोज तेच सांगायचं. तारीख असली तर वाचतील आन् गप बसतील. घाला तुमी. पानी सुटायच्या आत पायजे.”

मी बसलो. घासून घासून तिथलं पितळ पातळ झालं होतं, ठोका जपून मारावा लागत होता. न झालेल्या लग्नाची तारीख मी दुसऱ्यांदा घातली. ती समोर उकिडवी बसून एकेक आकडा उमटताना बघत होती. शेवटचा ठोका झाला तशी ती उठली, घागर कडेवर घेतली आणि निघाली. बघता बघता गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशी झाली.

दोन दिवसांनी शांताबाई आणि राजव्वा आल्या. एकत्र! दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या दोघींनी तोंडाचा पट्टा सोडला. तारीख परत कुणी घालायला सांगितली? पोरीच्या जिवाला घोर लावायचा होता का? तुम्हाला लेकीबाळी आहेत का नाहीत? पहिल्यांदाच दोघी एका बाजूला होत्या आणि समोर मी एकटा. शेठजी मान खाली घालून हसत होते.

“मंदानं सांगितली,” मी म्हणालो.

“तिला काय ठाऊक?”

“सगळं. मामा आलेला, त्या पोराचं लग्न, सगळं.”

दोघी मटकन बसल्या. मग शांताबाईनं हळूच मान वळवली. “म्हंजे? तुला बी ठाऊक होतं?”

“तुला?” राजव्वा म्हणाली.

“मामा आला तवापासनं. आन् मी तुला घागरीला हपापलेली म्हणाले, तरी गप बसलीस? तोंडात काय विडी धरली होतीस?”

“तू सांगितलंस का मला? बारा वर्षं शेजारी बसून?”

“तू आधी सांगायचं!”

“तू आई हायस, तू सांगायचं!”

आणि सुरू झालं तिसरं भांडण, कुणी कुणापासून जास्त लपवलं याचं. भांडतच उठल्या, भांडतच पायऱ्या उतरल्या. उतरताना राजव्वाच्या चपलेचा अंगठा तुटला, तर शांताबाईनं तिचा दंड धरला आणि तोंड चालूच ठेवलं. बघणाऱ्याला वाटावं, या आता एकमेकींच्या झिंज्या उपटणार. मी आजवर नक्की सांगू शकत नाही की त्या दिवशी त्या भांडत होत्या का रडत होत्या का हसत होत्या.

त्यानंतर मी कुठल्याही गिऱ्हाइकाला आपणहून तारीख सुचवली नाही. मागितली तर घालायचो, पण एकदा विचारून घ्यायचो, ज्याला द्यायचंय त्याला विचारलंय का? लोक वैतागायचे. म्हणायचे, आहेर काय विचारून देतात का?

मंदाची घागर मी आणखी एकदाच पाहिली. आषाढात पहिली बऱ्यापैकी सर पडून गेली होती. सकाळी सायकलवरून दुकानाकडं निघालो होतो, तर त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर रांग लागलेली. तिसरा नंबर तिचा. मी एक पाय टेकवून उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, आकडे कसे दिसतात ते बघायचं होतं. चौथ्या नंबरची बाई गल्लीत नवी असावी. ती वाकून वाचत होती.

“का गं,” तिनं मंदाला विचारलं, “ही कशाची तारीख?”

मंदा नळाची तोटी तपासत होती. तिनं मागं बघितलंसुद्धा नाही.

“माझ्या लग्नाची. झालं न्हाय. सरकव की तुझी घागर पुढं, पानी आलं.”